हिशोब चोख, पण प्रिंट काढली की ‘बाकी’ पाचव्या पानावर!

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डोंबिवलीतल्या एका ६४ फ्लॅटच्या सोसायटीच्या खजिनदार ताईंचं हे पत्र. वय ५३, तीन वर्षांपासून मेंटेनन्सचा सगळा हिशोब त्या एकट्या एक्सेलमध्ये ठेवतात, आजपर्यंत एक रुपयाची चूक निघालेली नाही. पण गेल्या वर्षी वार्षिक सभेत वाटलेल्या प्रिंटमध्ये नावं एका कागदावर आणि बाकीचे आकडे भलत्याच कागदावर आले, एक वयस्कर सभासद उभे राहून म्हणाले “हा हिशोब आहे की कोडं?” आणि सगळा हॉल हसला. या वर्षी भाच्याने सेटिंग करून सगळं एका पानावर बसवून दिलं तर अक्षरं मुंगीएवढी झाली. सभा तीन आठवड्यांवर आहे. कमिटीतले एक जण म्हणतात सॉफ्टवेअर घेऊ, दुसरे म्हणतात प्रिंटरच बदला, आणि ताईंना स्वतःला वाटतंय की “मला एक्सेल नीट येत नाही, हे पद सोडलेलं बरं.” त्या विचारतात, काय करू?

---

ताई, पत्राबरोबर तुम्ही प्रिंटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, नाहीतर मी उगाच अंदाजपंचे उपदेश केला असता. आधी एक सांगते, तुम्हाला एक्सेल येतं. ६४ फ्लॅटचे बारा महिने, मागची बाकी, व्याज, हे तीन वर्षं न चुकता जुळवणाऱ्या माणसाला एक्सेल येत नाही असं कोण म्हणेल? तुम्हाला येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे आणि ती बहुतेकांना येत नाही, कारण ती कोणी शिकवतच नाही. एमएससीआयटीच्या क्लासमध्ये सम शिकवतात, चार्ट शिकवतात, आणि प्रिंट म्हणजे कंट्रोल पी दाबा की झालं.

मी स्वतः एका ऑफिसच्या अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढली. पहिल्याच मार्चमध्ये साहेबांना स्टॉकची शीट प्रिंट करून द्यायची होती, कमांड दिली आणि चहाला गेले, परत येते तर प्रिंटरमधून कोरे कागद येतायत, येतायत, येतायत. अख्खं रीम संपलं तेव्हा थांबलं. कुठेतरी खाली कोणीतरी एका सेलमध्ये स्पेस मारून ठेवली होती, बस एवढंच. त्यामुळे तुमच्या सहा कागदांवर मी हसणार नाही.

आता मुळात हे होतं का ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपली जुनी रोजकीर्द, खतावणी, ही आधी कागद होती. पानाची रुंदी ठरलेली, रकाने छापलेले, त्यात बसेल तेवढंच लिहायचं. एक्सेलला कागद माहीतच नाही. त्याच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम असतात, म्हणजे ते एक न संपणारं पटांगण आहे, आणि आपण प्रिंट म्हटलं की ते बिचारं त्या पटांगणावर ए-४ आकाराची खिडकी ठेवून तुकडे पाडत जातं. ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. एक्सेलचे नेहमीचे मार्जिन दोन्ही बाजूंना ०.७ इंच, ते वजा केले की उभ्या पानावर रुंदीला उरतात जेमतेम १७४ मिलिमीटर. त्यात तुमचे २३ कॉलम! मी फोटोवरून मोजले: फ्लॅट, नाव, भाडेकरू, मोबाइल, ईमेल, क्षेत्रफळ, मागील बाकी, बारा महिने, व्याज, एकूण, बाकी, शेरा.

आणि एक्सेल तुकडे पाडतं ते आधी खाली खाली जातं, मग उजवीकडे वळतं. म्हणजे डावीकडचे कॉलम पान एक आणि दोनवर, मधले तीन-चारवर, उजवीकडचे पाच-सहावर. पहिल्या पानावर ज्यांचं नाव आहे त्यांची बाकी पाचव्या पानावर, तीही नावाशिवाय. ते काका कोडं म्हणाले ते, माफ करा, पण बरोबरच म्हणाले.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. तुम्ही लिहिलंय “सगळं एका पानावर कसं बसवू?” पण सगळं का बसवायचंय? हे कोणी सांगितलं? सभेला आलेला माणूस त्या कागदात काय शोधतो बघा. आधी स्वतःचा फ्लॅट. मग स्वतःची बाकी. मग, खरं बोलायचं तर, शेजाऱ्याची बाकी. आणि फार तर एकूण किती थकलंय. जुलैमध्ये कोणी किती भरले हे फक्त तुम्हाला लागतं, कारण तुम्ही वसुली करता. मोबाइल नंबर आणि ईमेल तर ६४ घरांत छापून वाटायचं काहीच कारण नाही, उलट एखाद्याने आक्षेप घेतला तर उत्तर देताना नाकी नऊ येतील.

तुम्ही जिथे काम करता ती शीट आणि लोकांना देता तो कागद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ताई. स्वयंपाकघरातला ओटा आणि पाहुण्यांसमोरचं ताट. ओट्यावर सगळं पसरलेलं असणारच, ते तसंच राहू द्या, तिथे एक कॉलमही हलवू नका. भाच्याने काय केलं, अख्खा ओटा ताटात बसवायला गेला. त्याचं चुकलं असं नाही, ‘फिट शीट ऑन वन पेज’ हे बटण आहेच तिथे आणि ते सगळ्यांना मोहात पाडतं. पण ते काय करतं, तर सगळं बसेपर्यंत टक्के कमी करत जातं. एक्सेलमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतं, वाचता येतंय का याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या शीटचं ४० टक्क्यांच्या आसपास झालं असणार. ११ पॉइंटचं अक्षर ४० टक्क्यांवर साडेचार पॉइंटचंही राहत नाही, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजे ते अक्षर जेमतेम दीड मिलिमीटरचं झालं. तुमच्या सभेत साठीच्या पुढचे किती जण असतात ते तुम्हीच सांगा. माझा स्वतःचा नियम असा आहे की कागदावर अक्षर ९ पॉइंटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि ज्येष्ठ वाचणार असतील तर ११. त्यात बसत नसेल तर कॉलम कमी करायचे, अक्षर नाही.

तर करायचं असं. त्याच फाइलमध्ये खाली नवीन शीट घ्या, नाव द्या ‘सभा’. त्यात फक्त सात कॉलम: फ्लॅट, नाव, मागील बाकी, वर्षाची आकारणी, व्याज, वर्षात जमा, बाकी. बस. आकडे पुन्हा टाइप करू नका, तिथेच चुका होतात, फ्लॅट नंबरवरून व्हीलुकअप (VLOOKUP, दुसऱ्या शीटमधून शोधून आणणारं सूत्र) लावून मूळ शीटमधून उचला. साधं ‘बरोबर’चं (=) चिन्ह टाकून सेल जोडला तरी चालतं, पण मग मूळ शीट कधी सॉर्ट केलीत की नाव एकाचं आणि बाकी दुसऱ्याची होऊ शकते, म्हणून व्हीलुकअपच बरा. त्यात शेवटी फॉल्स (FALSE) द्यायला विसरू नका म्हणजे तो नेमका तोच फ्लॅट शोधेल, जवळपासचा उचलणार नाही.

रुंदीचं गणित मी करून ठेवलंय. फ्लॅटला १५ मिलिमीटर, नावाला ५५, आणि रकमेच्या पाच कॉलमना प्रत्येकी २०. झाले १७०. हाताशी १७४ आहेत, म्हणजे उभ्या ए-४ वर, १०० टक्क्यांवर, काहीही न आवळता बसलं. कॉलमची रुंदी मिलिमीटरमध्ये कशी देणार म्हणाल, तर व्ह्यूमध्ये जाऊन ‘पेज लेआऊट’ हा प्रकार निवडा, तिथे वर पट्टी दिसते आणि रुंदी इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये देता येते. उंचीचं म्हणाल तर नेहमीची ओळ १५ पॉइंटची, वरखाली पाऊण-पाऊण इंच मार्जिन सोडून पानावर ४८-४९ ओळी येतात. तुमच्या दोन विंग, ३२-३२ फ्लॅट. तीन ओळी शीर्षकाच्या, एक बेरजेची, ३६ झाल्या. म्हणजे ए विंग एका पानावर, बी विंग दुसऱ्या, आणि वर जागा उरली ती ओळींची उंची १८-१९ करण्यात घालवा, जरा मोकळं दिसेल.

बी विंग नव्या पानावरच सुरू व्हावी म्हणून तिच्या पहिल्या ओळीवर उभं राहून पेज लेआऊट टॅबमध्ये ‘ब्रेक्स’ मधून पेज ब्रेक टाका. मग व्ह्यूमध्ये ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ उघडा, निळ्या रेघा दिसतील. तुटक रेघ म्हणजे एक्सेलने स्वतः मारलेली, सलग रेघ म्हणजे तुम्ही मारलेली. हे एक दृश्य मला सगळ्यात आवडतं, कारण इथे कागद दिसतो. पण सांभाळून, ती रेघ माऊसने ओढून पुढे नेलीत तर एक्सेल गुपचूप टक्के कमी करून तेवढं बसवतं. आणि एक लक्षात ठेवा, ‘फिट टू’, म्हणजे भाच्याने वापरलं तसं पानात आवळून बसवायचं सेटिंग, चालू असेल तर हाताने टाकलेले ब्रेक धरले जात नाहीत, मायक्रोसॉफ्टच्या मदतीतच तसं लिहिलेलं आहे. दोन्ही करायला जाऊन लोक तासन् तास डोकं फोडतात. तुम्हाला फिट टूची गरजच नाही, ते बंद ठेवून १०० टक्के ठेवा.

आता शीर्षक. तुम्ही लिहिलंय की “मी वरची ओळ फ्रीझ केलीये तरी दुसऱ्या पानावर येत नाही.” फ्रीझ फक्त स्क्रीनसाठी असतं हो, प्रिंटला त्याची खबरही नसते. प्रिंटसाठी पेज लेआऊट टॅबमध्ये ‘प्रिंट टायटल्स’ आहे, त्यात ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ समोर क्लिक करून पहिल्या तीन ओळी निवडायच्या. हे त्या टॅबमधूनच उघडा. प्रिंट प्रीव्ह्यूमधून पेज सेटअप उघडलंत तर नेमकी हीच जागा राखाडी, बंद दिसते, आणि माणसाला वाटतं आपल्याच एक्सेलमध्ये काहीतरी बिघडलंय. त्याच्याच खाली ‘कॉलम्स टू रिपीट ॲट लेफ्ट’ आहे, गेल्या वर्षी तेवढं एक केलं असतं तरी पाचव्या पानावर नावं आली असती. असो.

शीर्षकाच्या ओळीत सोसायटीचं नाव मधोमध यावं म्हणून तुम्ही सात सेल मर्ज केलेत, फोटोत दिसतंय. मला मर्जचा जुना राग आहे. मर्ज केलं की ओळीची उंची आपोआप ॲडजस्ट होत नाही, सॉर्ट करताना अडतं, कॉलम निवडताना भलतंच निवडलं जातं. त्याऐवजी फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटला ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे, दिसतं अगदी तसंच आणि सेल सुटे राहतात.

मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं. मंगल, कोकिळा, निर्मला हे युनिकोड फॉन्ट, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरही मराठी मराठीच दिसतं, पण देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळीत ते कापले जातात, म्हणून उंची वाढवा म्हटलं. आणि सोसायटीचं नाव जर जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी टाइपच्या फॉन्टमध्ये कोणी टाइप करून ठेवलं असेल तर ते तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसेल, झेरॉक्सच्या दुकानात मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होईल, कारण तिथे तो फॉन्ट नसेल. एकदाच बसून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, कायमची कटकट जाईल.

रकमांबद्दल जरा सविस्तर बोलते कारण सभेत खरी लढाई इथे होते. एक, कॉलम अरुंद पडला की आकड्याच्या जागी #### येतं, ते स्क्रीनवर दिसतं तरी. पण कधीकधी स्क्रीनवर नीट असलेला आकडा प्रिंटमध्ये #### होतो, कारण प्रिंटरचं मोजमाप किंचित वेगळं असतं. म्हणून कॉलम आकड्याला घट्ट बसवू नका, थोडी हवा ठेवा. दोन, स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवेत, १,२५,००० असे, १२५,००० असे नाहीत. त्यासाठी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, एक्सेल तिथूनच उचलतं. तीन, बाकी शून्य असेल तिथे अकाउंटिंग फॉरमॅट दिला की छोटी आडवी रेघ येते, कागद एकदम स्वच्छ दिसतो आणि ज्यांची बाकी आहे तेच डोळ्यांत भरतात.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही व्याजातले दशांश, म्हणजे रुपयांनंतरचे पैसे, लपवून फक्त रुपये दाखवलेत. दाखवणं वेगळं आणि असणं वेगळं! समजा तीन फ्लॅटचं व्याज १००.४० आहे. कागदावर १००, १००, १०० दिसणार, आणि बेरीज खरी ३०१.२०, ती ३०१ दिसणार. स्क्रीनवर कोणी बेरीज तपासत नाही, पण कागद हातात आला की मोबाइलचा कॅल्क्युलेटर निघतोच, आणि एक रुपयाचा फरक निघाला की तीन वर्षांच्या चोख हिशोबावर संशय. तेव्हा व्याजाच्या फॉर्म्युल्याला राऊंड (ROUND, पूर्ण रुपयात आणणारं सूत्र) लावा, म्हणजे जे दिसतं तेच असेल. मात्र हे राऊंड मूळ शीटमध्ये लावायचं, नाहीतर दोन शीटच्या बेरजा जुळणार नाहीत. “मूळ शीटला हात लावू नका म्हणालात ना?” हो म्हणाले, हा एक अपवाद.

पेज सेटअपमध्ये ‘सेल एरर्स ॲज’ म्हणून एक सोय आहे, एरर आलेल्या जागी कोरं छापायची. तिच्या नादी लागू नका. दुकानाच्या रेटकार्डात चालेल, पण हिशोबात एरर आली तर ती शोधायची, झाकायची नाही. बहुतेक वेळा फ्लॅट नंबर एका शीटमध्ये आकडा आणि दुसऱ्यात टेक्स्ट असतो, तेवढंच निघतं.

रंग. तुमच्या शीटमध्ये थकबाकीदार लाल, भरलेले हिरवे, विंगचं शीर्षक निळं. स्क्रीनवर झकास. पण तुम्ही कॉपी काढणार काळ्या-पांढऱ्या, आणि तिथे लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात, गडद निळ्यावरचा काळा मजकूर तर गायबच. पेज सेटअपच्या शीट टॅबमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टिक केलं की भरलेले रंग छापले जात नाहीत. थकबाकी ठळक अक्षरात द्या, पुरे. तिथेच ‘ग्रिडलाइन्स’ची टिक आहे, ती न करता मी तरी प्रत्येक ओळीखाली फक्त एक बारीक आडवी रेघ देते. चौफेर चौकटी काढल्या की कागद जेलच्या गजांसारखा दिसतो, आणि नजर आडवी जायला हवी असते, नावापासून बाकीपर्यंत, त्याला आडवी रेघच मदत करते.

तळाला ‘२ पैकी पान १’ असं येऊ द्या, हेडर-फुटरमध्ये पानाच्या नंबरचं आणि एकूण पानांचं अशी दोन बटणं आहेत. तारखेचं बटणही आहे, पण ते प्रिंट काढली त्या दिवसाची तारीख टाकतं, दर वेळी बदलते. हिशोबाला लागतं ‘३१ मार्च अखेर’, ते शीर्षकात हाताने लिहा. तारखेचं बटण माझ्या मते फक्त कच्च्या प्रिंटवर वापरावं, म्हणजे टेबलावर चार प्रिंट पडल्या असल्या तरी ताजी कोणती ते कळतं.

हे सगळं झालं की ‘सभा’ शीटमधला तेवढाच भाग निवडून पेज लेआऊटमध्ये ‘प्रिंट एरिया’ सेट करा. मग बाजूला कुठे कच्ची बेरीज केलेली असेल तर ती छापली जाणार नाही, आणि माझ्यासारखं रीम वाया जाणार नाही. कोरी पानं का येतायत हे शोधायचं असेल तर कंट्रोल आणि एंड दाबा, एक्सेल स्वतःच सांगतं त्याच्या मते शीट कुठे संपते. ते जर ९००व्या ओळीवर जाऊन थांबलं तर तुमचा हिशोब संपतो त्याच्या खालपासून तिथपर्यंतच्या ओळी निवडून डिलीट करा आणि फाइल सेव्ह करा.

आता प्रिंटर बदलायचा प्रश्न. नका बदलू. प्रिंटर बदलला की पानं वेगळी तुटू शकतात, कारण एक्सेल पानाचा हिशोब निवडलेल्या प्रिंटरवरून लावतं. घरी दोन पानं आलेली फाइल दुकानात तीन पानांची होते ती यामुळेच. दुकानात एक्सेल फाइल कधीच पाठवायची नाही. घरीच पीडीएफ करा, पीडीएफ उघडून बघा, आणि तीच पाठवा. त्यात फॉन्ट बरोबर जातो, पान हलत नाही, आणि मूळ शीटमधले मोबाइल नंबर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर राहत नाहीत. कॉलम हाइड केलाय म्हणून निर्धास्त राहू नका, एक्सेलमध्ये तो एका क्लिकवर परत उघडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट किंवा फोटो नको, फोटो दाबला जातो आणि आकडे पुसट येतात. कागदाचा आकार ए-४ आहे ना तेही एकदा बघा, कधीकधी तो लेटरवर असतो, ते अमेरिकन माप, रुंदीला ६ मिलिमीटर जास्त आणि उंचीला १८ कमी, मग खालच्या दोन-तीन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जाऊ शकतात.

दुकानदाराला सांगायचं, बॅक टू बॅक, लाँग एजवर फ्लिप, आणि प्रिंट ‘ॲक्च्युअल साइज’ला. गेल्या वर्षी तुमचे ६४ गुणिले ६, म्हणजे ३८४ कागद गेले, या वर्षी ६४ जातील. कमिटीला सॉफ्टवेअरचा विषय काढायचाच असेल तर आधी हा आकडा दाखवा. सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही, पावत्या आणि आठवणीचे मेसेज आपोआप जाणार असतील तर जरूर घ्यावं, पण सभा झाल्यावर, निवांत. तीन आठवड्यांत नवीन सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचा डेटा भरणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर फोडण्यातला प्रकार. शिवाय त्याचाही रिपोर्ट १४ कॉलमचा निघाला तर पुन्हा मलाच पत्र लिहाल.

वेळेचं म्हणाल तर सभा ३० सप्टेंबरच्या आत आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नोटिशीबरोबर हिशोब जोडणार असाल तर तुमच्याकडे तीन आठवडे नाहीत, एकच आहे. पण वरचं सगळं एका रविवारचं काम आहे, खरंच.

बारा महिन्यांची पूर्ण शीट ज्याला बघायची असेल, ऑडिटर किंवा एखादा चिकित्सक सभासद, त्याच्यासाठी एक-दोन कॉपी वेगळ्या काढा. मोबाइल, ईमेल, भाडेकरू, क्षेत्रफळ वगळा, पान आडवं करा, ए-३ घ्या आणि तिथे ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ वापरा, म्हणजे रुंदी एका पानात आणि लांबी हवी तेवढी. इथे ते बटण योग्य आहे. फाइलला लावणार असाल तर डावीकडचं मार्जिन एक इंच ठेवा, नाहीतर पंच नेमका फ्लॅट नंबरवर पडतो.

अशीच पत्रं मला शाळेतल्या बाई, बचत गटाच्या ताई, मंडळाचा जमाखर्च लिहिणारी मुलं यांच्याकडूनही येतात म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. गूगल शीट्स वापरत असाल तर तिथे गंमत उलटी आहे, फ्रीझ केलेली ओळ प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘रिपीट फ्रोझन रोज’ टिक केलं की प्रत्येक पानावर येते, आणि रुंदीसाठी ‘फिट टू विड्थ’ आहे. लिबर ऑफिसवाल्यांनी फॉरमॅट मेन्यूत ‘प्रिंट रेंजेस’ बघावं, ओळ रिपीट करायची सोय तिथे आहे. बाकी कॉलम कमी करायचं तत्त्व सगळीकडे तेच. साठ मुलांच्या निकालपत्रकात मुख्याध्यापकांना सगळे विषय हवेत, पालकांना फक्त आपलं मूल, म्हणजे ते दोन कागद झाले.

राहता राहिलं पद सोडायचं. हॉल हसला हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. पण त्या काकांच्या वाक्याकडे मी जरा वेगळं बघते. ६४ जणांत एकच माणूस होता ज्याने तो कागद खरोखर वाचायचा प्रयत्न केला, बाकीच्यांनी त्याचा पंखा केला असणार. तेव्हा ६४ कॉपी काढायच्या आधी एकच प्रिंट काढा आणि ती घेऊन त्यांच्याकडेच जा. म्हणा, “काका, वाचता येतंय का बघा, आणि तुमची बाकी बरोबर आहे का तेही.” चष्मा लावून ते जिथे अडतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि घरी येऊन तेवढंच बदला. जाताना कॅल्क्युलेटर न्यायची गरज नाही, तो त्यांच्याकडे असेलच.